लाल दिवा कुणी मालवायचा

आमच्याकडं दिवा विझवला असं कुणी म्हणत नाही. दिवा मालवला म्हणतात, निरांजन शांत झालं म्हणतात. जुन्या बायका फुंकर मारू देत नसत. वात मागं ओढायची, नाहीतर पदराचा वारा घालायचा. त्यात नुसता शुभ-अशुभाचाच भाग होता असं मला वाटत नाही. दिवा लावणं हे जसं काम, तसं मालवणं हेही काम, ते कुणीही कसंही उरकू नये, असा त्यामागं हिशेब असावा. या वयात हा विचार माझ्या डोक्यात यायला देव्हारा नव्हे, मोटारगाडी कारण झाली.

लाल दिवा म्हटलं की पूर्वी मंत्र्यासंत्र्यांची गाडी डोळ्यापुढं यायची. तो दिवा २०१७ च्या १ मेपासून टपावरून उतरला. मी म्हणतोय तो टपावर नसतो. तो आत असतो, स्टिअरिंगच्या मागं, काट्यांच्या घरात. एक गोल, गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही अंगाला कंस. चालवणाऱ्याखेरीज तो सहसा कुणाला दिसत नाही. पण मागं बसलेल्या बायकापोरांचा जीव त्याच्यावर असतो.

त्याचं काम कसं चालतं ते मी आमच्या फिटरकडं बसून बसून समजून घेतलं. पुढच्या चाकात थाळीएवढी लोखंडी डिस्क असते. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरतात ती प्याडं. नव्या प्याडाचा मसाला साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तो झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आला की प्याड बदलायचं. आपण पायानं दाबतो ते ऑईल. ऑईल पिस्टनला ढकलतं, पिस्टन प्याडाला. प्याड झिजलं की पिस्टन तेवढा पुढं सरकून राहतो आणि त्याच्या मागं मोकळी पडलेली जागा ऑईल भरून काढतं. म्हणजे बॉनेटखालच्या डबीतली पातळी उतरते. डबीत एक तरंगता तुकडा असतो, तो खुणेच्या खाली गेला की लाल दिवा लागतो. हॅन्डब्रेक वर ओढलेला राहिला तरी बहुतेक गाड्यांत हाच दिवा लागतो. एकच तोंड आणि दोन-तीन तक्रारी. विहिरीचं पाणी खाली गेलं एवढं पातळीवरून कळतं. ते उपशानं गेलं, झरा आटल्यानं गेलं की फुटक्या पाइपातून परत रानात गेलं, हे उतरून बघितल्याशिवाय कळत नाही.

आता इथंच मेख आहे. नवीन प्याड बसवताना पुढं आलेला पिस्टन मागं दाबावा लागतो. तो मागं गेला की ऑईल डबीत परत येतं, पातळी वर चढते आणि दिवा आपोआप जातो. कुणाला काही करावं लागत नाही. (नंतर गाडी हलवायच्या आधी पॅडल चार-दोन वेळा दाबून घ्यायचं, कारण पहिल्यांदा ते थेट तळाला जातं. ही गोष्ट आमचा फिटर प्रत्येक गिऱ्हाइकाला ओरडून सांगतो.) पण प्याडं तशीच झिजलेली ठेवून वरून बाटलीभर ऑईल ओतलं, तरी दिवा जातो. तसाच, तितक्याच झटक्यात. दिव्याला दोन्हीतला फरक कळत नाही. तो पातळी ओळखतो, खरंखोटं ओळखत नाही.

महागाच्या गाड्यांत प्याडाच्या मसाल्यातच एक बारीक वायर पुरलेली असते. मसाला झिजला की वायर डिस्कला घासते, तुटते आणि दिवा लागतो. प्याडाबरोबर ती वायरही नवी घालायची असते. काही गाड्यांत त्यानंतरही दिवा राहतो. मग चावी देऊन बटण दाबून धरा, नाहीतर स्कॅनर लावा आणि गाडीला सांगा, बाई, तुझं काम झालं. पण जुन्या वायरीची तुटकी टोकं एकमेकांना पिळूनही दिवा घालवतात. मसाला संपत आलेला, डिस्क खरवडायला लागलेली, आणि काट्यांच्या घरात सगळं शांत. स्कॅनरनं नुसता कोड खोडला तर तो परत उगवतो, हराळीसारखा. पिळलेली वायर मात्र कायमची गप्प बसते.

रिसेट हा शब्द मला गाडीमुळं कळला नाही. आमच्या पिढीतल्या शेतकऱ्याला तो विहिरीवरच्या स्टार्टरनं शिकवला. तीन फेजांतली एक गेली तरी मोटर उरलेल्या दोनांवर ओढत राहते, आतली वायंडिंग तापते आणि जळते. ते होऊ नये म्हणून स्टार्टरात सोय असते. काही बिनसलं की तो खटका पाडतो. मग आपण जायचं, कारण बघायचं आणि रिसेटचं बटण दाबून पुन्हा चालू करायचं. रात्रपाळीची लाईट, थंडीचे दिवस, गव्हाचं पाणी अर्ध्यावर. अशा वेळी कारण कोण बघतो? बटण दाबतो. पुन्हा पडला, पुन्हा दाबतो. मग कुणी शहाणा तो भागच काढून मोटर थेट जोडून देतो आणि म्हणतो, आता नाही पडायची. खरंच पडत नाही. आठ-पंधरा दिवस छान चालते. मग एका पहाटे जळका वास येतो आणि मोटर रिवायंडिंगला जाते. आमच्या शिवारात हे इतक्यांदा झालंय की त्यात कुणाला नवल वाटत नाही. मोटर जळाली तर पिकाला ताण बसतो, पैसा जातो, हळहळ होते. माणूस जात नाही. गाडीचं तसं नाही, म्हणून मी एवढं लांबण लावतोय.

माझा पुतण्या रस्त्याकडंला हार्डवेअरचं दुकान चालवतो. त्याची नऊ वर्षं वापरलेली गाडी त्यानं विकायला काढली. हौस म्हणून नव्हे. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची तारीख दहा दिवसांवर आली होती. गाडीचा लाल दिवा लागला, म्हणून फिटरकडून पुढची प्याडं नवी घालून घेतली. दिवा गेला. आठ दिवसांनी परत लागला. फिटरनं ऑईल ओतलं, गेला. सहा दिवसांनी परत. आणि रविवारी गिऱ्हाईक येणार होतं, पाटणच्या वरचं, ज्याची लेक चिपळूणला दिलेली. म्हणजे ही गाडी महिन्यातनं एकदा तरी कुंभार्ली घाट उतरणार हे ठरलेलंच.

शनिवारी आम्ही तिघं गॅरेजात उभे होतो. फिटर म्हणाला, "आबा, डबीवरचं कनेक्शन काढून ठेवतो. दिवा लागायचा न्हाई. हॅन्डब्रेकला तेवढा लागंल, म्हंजे बघणाऱ्याला वाटंल समदं चालू हाय."

मी विचारलं, "आणि ऑईल कुठं जातंय?"

"मागच्या चाकात पाझरत असंल. ड्रम खोलावा लागंल. दीड-दोन दिवस जातील, सामान कराडास्नं आणावं लागंल. तसं भ्यायचं कारण न्हाई, ब्रेकची दोन भागांत वाटणी असती. एक गेला तर दुसरा असतोय."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आताच्या गाड्यांत ऑईलचे दोन वेगळे मार्ग असतात, एक रिकामा झाला तर दुसऱ्यावर गाडी थांबते. थांबते, पण उशिरा आणि लांब जाऊन. सपाट रस्त्यावर ते चालून जाईल. घाटात वळणाला लांब जायला जागा नसते.

पुतण्या माझ्याकडं बघत होता. तो लबाड नाही. दुकानात मापाला कमी देत नाही, उधारीवाल्याला चारचौघांत मागत नाही. तो म्हणाला, "आबा, मी त्याला खोटं काय सांगणार न्हाई. त्यानं विचारलं तर सांगीन. पण न विचारता आपणच कशाला? बाजाराचा नियमच हाय, घेणाऱ्यानं पारखून घ्यावं."

हा नियम मला माहीत आहे, माझं आयुष्य त्यातच गेलं. बैलाच्या बाजारात घेणारा दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, औताला धरून बघतो. विकणारा आपणहून फारसं बोलत नाही आणि त्याला कुणी पापी म्हणत नाही. पण त्याच बाजारात दुसरीही एक रीत चालते. म्हैस विकायला आणायच्या आधी तिचं दूध काढायचंच नाही. कास तटतटून जाते, घेणाऱ्याला वाटतं भरपूर दूध आहे. म्हैस कळवळते. या माणसाला गावात वेगळ्या नावानं ओळखतात. दोघांनीही तोंडानं काहीच सांगितलेलं नसतं. मग फरक कुठं पडला?

मी त्यावर पुष्कळ विचार केला आणि मला तो असा दिसला. पहिला गप्प बसला. दुसऱ्यानं जनावराला खोटं बोलायला लावलं. घेणारा आपल्या डोळ्यांनी जे पारखणार, तेच त्यानं आधी बिघडवून ठेवलं. पारखून घ्यावं हा नियम तोवरच चालतो, जोवर पारखायची वस्तू आहे तशी पुढं उभी आहे. दिव्याचं कनेक्शन काढलं तर आपण गप्प बसलो असं होत नाही. गाडी स्वतः बोलत होती, तिचं तोंड आपण बांधलं. साक्षीदाराला माहीत असून त्यानं न बोलणं वेगळं आणि बोलणाऱ्या साक्षीदाराच्या तोंडात बोळा कोंबणं वेगळं. पुतण्या म्हणत होता तो पहिला प्रकार. फिटर सुचवत होता तो दुसरा. दोन्ही एकाच शनिवारी, एकाच गॅरेजात बोलले गेले, म्हणून एकच वाटत होते.

पण मग प्रश्न उरतो. दिव्याला हातच लावायचा नाही का? काही लोक तेही करतात. आमच्याकडं एक जीप आहे, तिचा दिवा कित्येक वर्षं जळतोच आहे. मालकाला विचारलं तर म्हणतो, त्याला काय होतंय, तसाच असतो तो. प्याडं नवी, ऑईल भरलेलं, तरंगता तुकडा अडकलेला, एवढंच. हा माणूस प्रामाणिक वाटतो, काही लपवत नाही. मला मात्र तो तितकाच धोक्याचा वाटतो. वस्तीवरचं कुत्रं रात्रभर विनाकारण भुंकायला लागलं की चार दिवसांनी त्याच्यासाठी कुणी उठत नाही. चोर येतो त्या रात्रीही ते भुंकतच असतं. ज्या दिवशी त्या जीपचं ऑईल खरंच संपेल, त्या दिवशी दिवा काय वेगळा लागणार आहे? तो आधीच लागलेला. काम झाल्यावर दिवा मालवणं हे म्हणूनच नुसती टापटीप नव्हे. तो मालवला, तरच पुढच्या वेळी त्याच्या लागण्याला अर्थ.

म्हणजे हात तोच, बटण तेच, दिवाही तोच. एकाच्या हातून ते दुरुस्तीचं शेवटचं काम होतं, दुसऱ्याच्या हातून फसवणुकीचं पहिलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. फरक एवढाच की एकानं आधी चाक खोलून आत बघितलेलं असतं. मला वाटतं, दिवा मालवायचा हक्क तिथून येतो. मालक असल्यानं येत नाही, स्कॅनर असल्यानं येत नाही. फिटरला मी एवढंच म्हणालो, "तू आत बघितलंस का? मग दिव्याला हात लावू नको." तो हसला. म्हणाला, "आबा, तुम्ही किर्तन लावलं."

आणखी एक गोष्ट या निमित्तानं कळली, ती सांगून टाकतो, कारण घाटात जाणाऱ्यांच्या कामाची आहे. दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. ब्रेकचं ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट-३ म्हणून जे ऑईल येतं, ते नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तेच १४० अंशांच्या आसपास उकळू शकतं. डॉट-४ चं नवं असताना २३०, पाणी मुरल्यावर १५५. लांब उतारावर सारखा पाय ब्रेकवर ठेवला की चाकं तापतात, ऑईल उकळून त्यात वाफ धरते आणि पॅडल पोकळ लागतं. तेव्हा डबी भरलेलीच असते. दिवा लागत नाही. म्हणून जुने ड्रायव्हर ज्या गिअरात घाट चढतात त्याच गिअरात उतरतात आणि शहाणे मालक दोनेक वर्षांनी ऑईल बदलतात. बैलगाडी उतारावर असली की सगळा भार बैलांच्या मानेवर यायचा, जू पुढं सरकायचं, ते डोळ्यांनी दिसायचं. गाडीनं मान झाकून टाकली आणि तिच्या जागी एक दिवा दिला. तो जेवढं सांगतो तेवढं तरी आपण ऐकावं.

ड्रम खोलला. डाव्या मागच्या चाकाच्या सिलिंडरचं रबर गेलं होतं. ऑईल आतल्या आत पाझरून लायनर भिजून काळं पडलं होतं. बाहेरून टायरच्या आतल्या अंगाला थोडा ओलावा, बाकी काही नाही. सामान, लायनर, ऑईल, मजुरी मिळून तीन हजार आठशे गेले. रविवारी पाव्हणा आला तेव्हा गाडी जॅकवर होती. पुतण्यानं त्याला सगळं सांगितलं, जुनं रबर हातात दिलं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं, चहा घेतला आणि म्हणाला, "इचार करून कळवतो." जाताना फिटरला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, आपणहून एवढं सांगत्यात म्हंजे आनखी काय लपवत्यात? हे फिटरनंच आम्हांला सांगितलं, जरा चव घेऊन.

फीची तारीख आली. पुतण्यानं पतसंस्थेत बायकोच्या पाटल्या ठेवल्या आणि पैसे भरले. त्या आठवड्यात तो माझ्याकडं जेवायला आला, पण पानावर बसून बोलला नाही. उठताना म्हणाला, "आबा, तुमच्या खऱ्याचं व्याज मी भरतोय." त्याचं चूक नव्हतं. खरं वागायचं ठरवलं एकानं आणि किंमत पडली दुसऱ्यावर, हे घराघरांत होतं. आणि ज्याच्यासाठी केलं तो तर संशय घेऊन गेला. यावर माझ्यापाशी तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नीटसं नाही. एवढंच मनात येत होतं, की त्या पाव्हण्याची लेक माझ्या ओळखीची नाही, तिला मी बघितलेलंही नाही. पण भिजलेलं लायनर मी बघितलं होतं. बघितलेलं न बघितल्यासारखं करता येत नाही.

बारा दिवसांनी पाव्हणा परत आला. दुसरीकडं दोन गाड्या बघून आला होता. ठरल्यापेक्षा आठ हजार कमी म्हणाला, पुतण्यानं ओढाताण करून सहावर आणला. मग पाव्हणा गाडीत बसला. कुणीतरी त्याला शिकवून पाठवलं असावं. त्यानं हॅन्डब्रेक वर ठेवून चावी दिली आणि काट्यांच्या घरात वाकून बघितलं. लाल दिवा लागला. हॅन्डब्रेक खाली केला, दिवा गेला. पुन्हा वर, पुन्हा खाली. "बराबर हाय," तो म्हणाला आणि त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं.

कनेक्शन काढून ठेवलं असतं तरी त्याला अगदी हेच दिसलं असतं. मी पुतण्याकडं बघितलं, फिटर खाली बघत पाना पुसत होता. पाव्हणा उतरला, चारी बाजूंनी फिरला आणि टायर नखानं खरवडून म्हणाला, "पुढचं दोन घालावं लागतील न्हवं? आनखी दोन हजार कमी करा."